घरच्या वायफायवर आपला लोकल रेडिओ : एक अँटेना, सगळ्या खोल्या

साखरपेठकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय थोडा टेक्निकल आहे पण गरज अगदी घरगुती आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं घर साखर पेठेत. जुनं माळवदाचं होतं, ते पाडून स्लॅबचं बांधलं, आणि तिन्ही बाजूला तशीच घरं चिकटून आहेत. माळवदाच्या घरात ट्रान्झिस्टर कुठंही ठेवला तरी स्वच्छ बोलायचा, आता खालच्या मजल्यावर नुसती खरखर. गच्चीवर नेला की लगेच लागतो, म्हणजे सिग्नल आहे, घरात शिरत नाही एवढंच. आईला सकाळपासून आकाशवाणी सोलापूर पाहिजे असतं, भक्तिगीतं, बातम्या, शेतीचे कार्यक्रम, सगळं. स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायची तिची सवय आहे आणि स्वयंपाकघर नेमकं खालीच.

फोनवर ॲप आहे की, असं बरेच जण म्हणतील. आहे आणि चांगलं आहे, आकाशवाणीची देशभरातली केंद्रं त्यावर मिळतात, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी तर फारच मोठी सोय. पण जे स्टेशन आपल्याच गावातून हवेत सुटतंय ते ऐकायला इंटरनेट कशाला लागावं हे माझ्या मनाला पटत नाही. नेट गेलं की रेडिओ पण गेला, आणि वादळी पाऊस होऊन वायरी तुटल्यावरच तर रेडिओची खरी गरज असते ना.

म्हणून असं केलंय की गच्चीवर एक अँटेना, तिथून डिशची केबल जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरपर्यंत, त्याला एक आरटीएल एसडीआर डोंगल. हा डोंगल म्हणजे मुळात परदेशातल्या डिजिटल टीव्हीसाठी बनवलेला पेनड्राइव्हएवढा ट्यूनर, आत रिअलटेकची चिप, पण तो साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० मेगाहर्ट्झच्या पुढपर्यंत काहीही ऐकू शकतो, त्यात आपली ८८ ते १०८ ची एफएमची पट्टी आरामात बसते. आरटीएल-एफएम नावाचा छोटा प्रोग्रॅम डोंगलकडून सिग्नल घेऊन त्यातून आवाज काढतो, एफएफएमपेग त्या आवाजाचं एमपीथ्री करतो, आणि आइसकास्ट नावाचा सर्व्हर ते घरातल्या वायफायवर वाटतो. कुठल्याही फोनवर व्हीएलसी हे प्लेअरचं ॲप उघडायचं, त्या कॉम्प्युटरचा आयपी (वायफायवरचा पत्ता) आणि ८००० नंबरचा पोर्ट टाकायचा की रेडिओ सुरू. सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे. इंटरनेटची वायर राउटरमधून काढून बघितली, रेडिओ चालूच.

अडचणी अशा की स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये एकाच वेळी लावलं तर दोन्हीकडचा आवाज मागंपुढं होतो, लई त्रास होतो कानाला. दुसरं, आवाज थोडा दबलेला वाटतो, ट्रान्झिस्टरसारखा खुलत नाही. आणि तिसरं म्हणजे आईला व्हीएलसी वगैरे जमणार नाही, तिच्यासाठी काय करावं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

होटगीरोडवाला

दादा कल्पना चांगलीय पण एवढा खटाटोप कशाला असं वाटलं. चांगल्या कंपनीचा रेडिओ घ्या, गच्चीवरून एक वायर खाली सोडा आणि रेडिओच्या टेलिस्कोपिक अँटेनाला चिमट्यानं जोडा. आमच्याकडं तसंच आहे आणि वडील रोज ऐकतात. एका खोलीपुरतं हे पुरेसं होतं.

साखरपेठकर

एका खोलीपुरतं बरोबर आहे तुमचं, आणि ज्यांना तेवढंच लागतं त्यांनी तेच करावं. आमच्यात खाली आई, मधल्या मजल्यावर काका काकू, वर आम्ही, तिघांना वेगवेगळ्या वेळी ऐकायचं असतं. प्रत्येक मजल्यावर वेगळी वायर सोडण्यापेक्षा वायफाय आहेच तर त्याचाच उपयोग करावा.

आकाशवेडा

धागा बघून बरं वाटलं, सोलापुरात हे करणारं आणखी कुणीतरी आहे. तुमच्या तिन्ही अडचणींवर उपाय आहेत.

आधी मागंपुढं होण्याचं. आइसकास्ट कुणी नवीन जोडला की त्याला आधीचा साठवलेला थोडा आवाज एकदम देऊन टाकतो म्हणजे प्लेअर लगेच सुरू व्हावा. हा साठा मूळ सेटिंगमध्ये ६४ किलोबाइटचा असतो. तुम्ही जर ६४ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइटनं, स्ट्रीम करत असाल तर हिशोब करा, तेवढ्यात आठ सेकंदांचा आवाज बसतो. म्हणजे सुरुवातीलाच आठ सेकंद मागं, वर प्रत्येक फोनचा प्लेअर स्वतःचा बफर (आवाजाचा साठा) धरतो तो वेगळाच. सेटिंगच्या फाइलमध्ये बर्स्ट साइज म्हणजे हाच साठा कमी करता येतो, त्यानं उशीर कमी होईल पण दोन फोन तंतोतंत एकत्र येणार नाहीत, आइसकास्ट त्यासाठी बनलेलाच नाही.

त्यासाठी स्नॅपकास्ट वापरा. त्यात सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहून पाठवतो आणि प्रत्येक खोलीतला क्लायंट आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवून तो तुकडा ठरलेल्या क्षणालाच वाजवतो. फरक एका मिलिसेकंदाच्या आत राहतो, कानाला कळतच नाही. मूळ सेटिंगला एक सेकंदाचा बफर असतो, म्हणजे क्रिकेटची कॉमेंटरी लावून टीव्ही म्यूट करून बघणाऱ्यांना पण परवडतं. अँड्रॉइडला त्याचं ॲप आहे, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर पण चालतं. जिन्यावरून वरखाली करताना सगळीकडं एकच गाणं सलग ऐकू येतं, ते एकदा अनुभवाच.

आवाज दबण्याचं कारण वेगळं आहे. एफएम स्टेशनं पाठवताना वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओनं तो तेवढाच कमी करायचा असतो, त्यानं खरखर पण कमी होते. हे किती कमी करायचं त्याचं माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आणि आपल्याकडं, युरोपात ५०. आरटीएल-एफएममध्ये डीएम्फसिस म्हणजे हे कमी करणं चालू केलं तर तो ७५ नं करतो, म्हणजे आपल्या स्टेशनचा वरचा आवाज गरजेपेक्षा जास्त कापतो. एफएफएमपेगमध्ये ट्रेबल दोन तीन डेसिबल वाढवून बघा, लगेच खुलेल. किंवा आरटीएल-एफएमऐवजी सॉफ्टएफएम हा प्रोग्रॅम वापरा, त्यात ५० चं माप आहे आणि स्टिरिओ पण मिळतो. आरटीएल-एफएम फक्त मोनो देतो. बातम्या, भाषणं, कीर्तन यांना मोनो चालतं, सुगम संगीत ऐकायचं तर स्टिरिओची मजा आहे.

साखरपेठकर

ट्रेबल वाढवून बघितला, जमीन अस्मानाचा फरक. निवेदकाचा स, श आता स्पष्ट कळतोय. लई आभार. स्नॅपकास्ट रविवारी बसवतो.

विडीघरकुलची

मी इथं पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी अम्मा आणि मोठी अक्का दोघी विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, दोन्ही हात सतत गुंतलेले. रेडिओ दिवसभर चालू पाहिजे नाहीतर अम्माला काम सरत नाही असं वाटतं. फोनवर लावून दिलं तर मध्ये कुणाचा फोन येतो, आवाज बंद होतो, आणि तंबाखूच्या हातानं फोन धरता येत नाही, मग मला हाका मारत बसतात. घरात भावाचा एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर हे होईल का? खर्च किती? आणि आमच्या ओळीत शेजारी पण सगळ्या विड्या वळणाऱ्याच आहेत, आमच्या वायफायवरून त्यांना पण देता येईल का?

आकाशवेडा

ताई, जुना लॅपटॉप धावेल, त्यावर विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाका. हे काम फार जड नाहीये. खर्च म्हणाल तर मुख्य डोंगलचा, बाकी अँटेना घरीच बनते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, लिनक्सला डोंगल टीव्ही ट्यूनर वाटतो आणि तो टीव्हीचा ड्रायव्हर जोडून टाकतो, मग आपला प्रोग्रॅम डोंगल बिझी आहे म्हणून अडून बसतो. तो टीव्हीचा (डीव्हीबी) ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा, म्हणजे लिनक्सला तो जोडू नको असं सांगून ठेवायचं, आणि लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. इथंच बरेच लोक कंटाळून सोडून देतात.

अम्मांसाठी फोन नकोच. लॅपटॉपलाच स्पीकर जोडा, तो त्यांच्याजवळ ठेवा, आणि चालू झाला की आपोआप स्टेशन लागेल असं सेट करा. आवाजाची गोल बटणवाली साधी स्पीकर जोडी घ्या, कोपरानं पण फिरवता येते. तुम्हाला दुसऱ्या खोलीत ऐकायचं तर तुमच्या फोनवर वायफायनं घ्या.

वकीलसाहेब_नाही_पण

शेजाऱ्यांना देण्याच्या मुद्द्यावर थोडं. मी वकील नाही पण हे वाचलेलं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ चा, कलम ३७ मध्ये प्रसारण करणाऱ्या संस्थेचा स्वतःचा हक्क सांगितलाय, तो २५ वर्षं असतो, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ते प्रसारण पुन्हा प्रसारित करणं, लोकांना पैसे घेऊन ऐकवणं, ध्वनिमुद्रण करणं हे सगळं त्यात येतं. कलम ३९ मध्ये सूट आहे ती स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला. म्हणजे घरातल्या घरात ऐकणं आणि स्वतःसाठी रेकॉर्ड करून ठेवणं ठीक, पण अख्ख्या ओळीला स्ट्रीम वाटणं म्हणजे आपणच एक केंद्र चालवल्यासारखं होतं. ताई, तुमचा हेतू चांगला आहे पण स्ट्रीम घराबाहेर नेऊ नका.

आणि कुणीतरी तो छोटा एफएम ट्रान्समीटर लावा म्हणून सुचवेल, ते पण नको. परवान्याशिवाय एफएमच्या पट्टीत काही सोडणं हा वेगळाच गुन्हा होतो.

आकाशवेडा

अगदी बरोबर. ताई, शेजाऱ्यांना अँटेना बांधून द्या, रेडिओ त्यांचा त्यांचा. त्यात कुणाच्या परवानगीचा प्रश्नच नाही. अँटेना कशी करायची ते लिहितो, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

१०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर असते. आपल्याला अर्ध्या लहरीची डायपोल पाहिजे, तारेत थोडी कमी लागते म्हणून एकूण साधारण १४२ सेंटिमीटर, मधोमध कापलेली, म्हणजे दोन्ही हात ७१ सेंटिमीटरचे. घरातल्या वायरिंगची उरलेली तांब्याची वायर चालते. एक प्लास्टिकची पट्टी किंवा पाइपचा तुकडा घ्यायचा, दोन्ही वायरी त्यावर समोरासमोर बांधायच्या, मध्ये बोटभर जागा. डिशच्या केबलची मधली तार एका हाताला आणि जाळी दुसऱ्या हाताला, सोल्डर करायचं, सोल्डर नसेल तर कनेक्टरच्या स्क्रूत घट्ट आवळायचं. जोडावर एमसील लावा नाहीतर पहिल्याच पावसात पाणी केबलच्या जाळीतून खाली उतरतं आणि केबल बाद. मग गच्चीवर टाकीच्या शेजारी नाही, टाकीपासून लांब, आडवी धरून बघायची, मग उभी, जिकडं जास्त स्वच्छ ऐकू येईल तशी बांधायची. आडवी असेल तर तारेच्या टोकांच्या दिशेला कमी ऐकू येतं, म्हणजे स्टेशन बाजूला यायला पाहिजे, टोकाला नाही.

डिशची केबल ७५ ओहमची आणि डोंगल ५० चा असला तरी नुसतं ऐकायला काही बिघडत नाही. फक्त डोंगलला बारीक एसएमए सॉकेट असतं आणि डिशच्या केबलला एफ कनेक्टर, मधला ॲडॉप्टर मागवावा लागतो.

आणि गेन, म्हणजे डोंगलनं सिग्नल किती वाढवायचा ते. सगळ्यांना वाटतं जास्त गेन म्हणजे जास्त चांगलं. शहरात उलटं होतं. डोंगलच्या आतलं मोजमाप फक्त ८ बिटचं आहे, जवळचं तगडं स्टेशन असलं की तो भरून वाहायला लागतो आणि एकच स्टेशन तीन ठिकाणी ऐकू येतं, कमजोर स्टेशन पार बुडतं. ऑटोवर ठेवू नका, गेन खालून वर नेत जा आणि आवाज स्वच्छ झाला की थांबा.

साखरपेठकर

यात माझ्याकडून एक भर. डोंगल चालू असताना चांगलाच गरम होतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो, म्हणून डोंगल आणि कॉम्प्युटर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. केबल लांब केली तर सिग्नल थोडा घटतो पण डोंगल सावलीत राहतो. मी यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल कॉम्प्युटरपासून हातभर लांब लटकवलाय, त्यानं कॉम्प्युटरची खरखर पण कमी झाली.

लूमवाला

ह्या सगळ्या एफएमच्या गोष्टी झाल्या. मिडीयम वेव्हचं काय? आमचं घर आणि कारखाना एकाच आवारात, अक्कलकोट रोडला. लूम चालू असले की मिडीयम वेव्हवर मोटारींचा नुसता घर्रर्र आवाज, त्यात आता सगळीकडं एलईडी बल्ब आणि चार्जर. पण कारखान्याला सुट्टी असली की रात्री काय सुंदर लागतं बे. कलबुर्गी येतं, धारवाड येतं. आमच्या आजोबांना तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही यायचं, ते रात्री जेवण झालं की काटा फिरवत बसायचे. मला ते घरातल्या सगळ्या खोल्यांत न्यायचंय. डोंगलवर मिडीयम वेव्ह येतं का?

आकाशवेडा

साध्या डोंगलवर नाही, कारण तो २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि मिडीयम वेव्ह आपल्याकडं ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. आरटीएल एसडीआरच्या व्ही ३ मॉडेलच्या डोंगलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंग म्हणून सोय आहे, त्यानं ५०० किलोहर्ट्झपासून वर ऐकता येतं. व्ही ४ मध्ये त्याहून चांगली सोय आहे, खालची फ्रिक्वेन्सी डोंगलच्या पट्टीत वर उचलणारा अपकन्व्हर्टर आतच दिलाय.

पण तुमच्याकडं जुना चांगला ट्रान्झिस्टर असेल तर डोंगलपेक्षा तोच वापरा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या आत फेराइटची कांडी असते, ती फिरवली की एका दिशेची खरखर गाळता येते. कारखान्याच्या दिशेला कांडीचं टोक करून ठेवा, बराच फरक पडतो. त्याच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून यूएसबी साउंड कार्डला द्या, साउंड कार्ड कॉम्प्युटरला, पुढं सगळं तेच, एफएफएमपेग किंवा स्नॅपकास्ट. ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरपासून दोन तीन मीटर लांब ठेवा. साउंड कार्डला फक्त माइकचं भोक असेल तर ट्रान्झिस्टरचा आवाज अगदी बारीक ठेवा, नाहीतर फाटतो.

रात्री लांबची स्टेशनं येतात त्याचं कारण आकाशात आहे. दिवसा उन्हामुळं वातावरणात वर एक थर तयार होतो तो मिडीयम वेव्ह पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून लांबवर खाली येतात. म्हणून कारखाना बंद असला तरी दुपारी धारवाड शोधत बसू नका.

लूमवाला

ट्रान्झिस्टरची आयडिया मस्त वाटली. आजोबांचाच आहे, चामड्याच्या कव्हरमधला, सेल घातले की अजून बोलतो. तोच लावतो.

पुण्यातली_सोलापूरकर

मला पुण्यात बसून घरच्या अँटेनावरचं ऐकायचंय, राउटरमध्ये पोर्ट उघडून दिला तर होईल ना? आणि रेकॉर्डिंगचं पण सांगा. बाबांचं भजनी मंडळ कधी कधी आकाशवाणीवर असतं, नेमकी वेळ चुकते आणि मग ते परत कुठं मिळत नाही. बाबांचं वय झालंय, मला त्यांचा आवाज जपून ठेवायचाय.

साखरपेठकर

ताई, पोर्ट उघडू नका. एक तर बऱ्याच घरच्या कनेक्शनला आता स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, मिळतच नाही, त्यामुळं चालणारच नाही, आणि चाललं तर अख्ख्या जगाला उघडं राहील. आइसकास्टचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला हॅकमी असतो, तो पण लोक बदलत नाहीत. तुम्हाला पुण्यात रोजचं ऐकायचं तर सरळ आकाशवाणीचं ॲप वापरा, त्यासाठीच ते आहे.

रेकॉर्डिंग मात्र घरच्या घरीच करा, तेच जास्त भरवशाचं. सर्व्हरवर क्रॉनमध्ये (लिनक्सचं वेळापत्रक) वेळ लिहून ठेवायची, म्हणजे त्या वेळेला एफएफएमपेग आपोआप सुरू होतो आणि ठरलेल्या वेळानं बंद होतो. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी सुरू करा आणि दहा मिनिटं उशिरा बंद करा. ९६ केबीपीएसला एका तासाची फाइल साधारण ४३ एमबी होते, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. पण बाबांचा आवाज जपायचाय तर एमपीथ्री नको, फ्लॅकमध्ये ठेवा, फाइल मोठी होईल पण आवाजातलं काही जाणार नाही, आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का ते पण बघून घ्या, नेट बरेच दिवस नसलं तर ते सरकतं.

माझ्या आजीचं ओव्या म्हणणं कुणीच रेकॉर्ड केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही नक्की करा.

पुण्यातली_सोलापूरकर

नक्की. या वेळी घरी आले की आधी हेच. भावाला धागा पाठवलाय.

होटगीरोडवाला

मी सुरुवातीला खटाटोप कशाला म्हणालो होतो पण रेकॉर्डिंगचं वाचून मत बदललं, वडील एक गाणं ऐकून नेहमी म्हणतात परत लाव, आणि रेडिओवर परत कुठं लागतं. एक विचारायचं होतं, लाइट गेल्यावर काय?

साखरपेठकर

राउटरला मिनी यूपीएस बसवलाय, १२ व्होल्टचा मिळतो. कॉम्प्युटर मात्र बंद पडतो, म्हणून जुना डेस्कटॉप काढून रास्पबेरी पाय लावायच्या विचारात आहे, तो पाच व्होल्टवर चालतो, त्याला पण छोटी बॅटरी पुरेल. स्पीकर पण चार्जिंगवालाच ठेवा. तोवर लाइट गेली की आईचा सेलवरचा ट्रान्झिस्टर गच्चीच्या दारात.

हो आणि आईचं सांगायचं राहिलं. जुन्या फोनवर स्नॅपकास्टचं ॲप कायम चालू, फोन स्पीकरला जोडून स्वयंपाकघराच्या फळीवर, चार्जिंगला लावलेला. आई फक्त स्पीकरचं बटण दाबते. काकूंनी पण तसंच मागितलंय.

विडीघरकुलची

आमच्याकडं काल लागलं! अँटेना भावानं केली, लॅपटॉपला स्पीकर जोडला, अम्मा म्हणाली आवाज पूर्वीच्या मोठ्या रेडिओसारखा येतोय. ब्लॅकलिस्टच्या पायरीला अडलो होतो पण इथलं वाचून झालं. शेजारच्या दोन घरांना पण त्याच मापाच्या अँटेना करून दिल्या, त्यांच्याच रेडिओला. एकच शंका, दुसरं स्टेशन पण एकाच वेळी पाहिजे असेल तर?

आकाशवेडा

वा ताई, छान झालं. आरटीएल-एफएम एका वेळी एकच स्टेशन देतो. डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी बघू शकतो, दोन्ही स्टेशनं तेवढ्या अंतरात असतील तर दुसऱ्या सॉफ्टवेअरनं एकाच डोंगलवर होतं, पण ते किचकट आहे आणि जुना लॅपटॉप दमेल. सरळ दुसरा डोंगल घ्या, केबलला टीव्हीवाला स्प्लिटर लावा आणि आइसकास्टवर दुसरा माउंट पॉइंट म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा वेगळा पत्ता बनवा. नवीन डोंगल व्ही ४ घेतलात तर त्याला नवा ड्रायव्हर लागतो, लिनक्सच्या जुन्या पॅकेजवर तो नीट चालत नाही, तेवढं आधी अपडेट करून मगच जोडा.